दगडावरचं शिसं

बंगळूर, २० फेब्रुवारी २०२६

ती. आईस अखिलाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

दिवाळीनंतरच्या पत्रात मी एक चूक लिहिली होती, ती आधी दुरुस्त करते. आपल्या देवघरातल्या उल्केत भरपूर शिसं सापडलं, ते सूर्याच्याही आधी मेलेल्या ताऱ्यांत घडलेलं आहे, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. शिशाचे चार प्रकार असतात. कुठला किती, यावरून ते कुठून आलं ते ओळखता येतं. ताऱ्यांकडचं जुनं शिसं उल्केच्या पोटात असतं. दगड फोडू नको म्हणालीस, म्हणून मी वरचाच कपचा आणला होता. तो प्रयोगशाळेत पुन्हा मोजला, तर शिसं खाणीतलं निघालं. मग तू पुडीत बांधून दिलेला शेंदूर तपासला. तेच शिसं.

शेजारचे सगळे देवाला विभूती, चंदन लावतात. आपण मराठे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर. आई, शिसं हे विष आहे. त्या दगडाचं तीर्थ कुणी घेऊ नये, दादाच्या अंबुजाने तर मुळीच नाही. फोनवर तू ‘जेवलीस का’च्या पुढे जाऊ देत नाहीस, म्हणून लिहिते. गुरुमूर्ती मास्तरांनी हे तुला दोनदा वाचून दाखवावं.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.

तुझी अखिला


तंजावूर, २६ फेब्रुवारी २०२६

चि. अखिलास आईचे अनेक आशीर्वाद.

मास्तरांनी दोनदा वाचलं. घरात पहिली शिकलीस ती तू, आणि देवाशी पहिली भांडलीस तीही तूच. पापनाशमच्या शेतात तुझ्या आजोबांच्या डोळ्यांदेखत तो आभाळातून पडला. ऐंशीव्या वर्षापर्यंत त्यांनी शेंदूर लावला, त्यांना काय धाड भरली? सुंदर म्हणतो, आमची बहीण तिकडे अकलेचे तारे तोडते.

अंबुजाला चौथं सरत आलं, अंगी काही लागत नाही. पोट धरून रडते. पोंगलला फोनवर ‘आत्ते, ये’ म्हणाली होती, आता तेही म्हणत नाही. रक्त कमी आहे, लोह कमी आहे, असं डॉक्टर म्हणाले. ताऱ्यांचे धातू आपल्या दगडात आहेत, असं तूच लिहिलं होतंस. म्हणून आधी पळीभर तीर्थ देत होते, ते तुझं दिवाळीनंतरचं पत्र आल्यापासून रोज टंबलर भरून देते. दगड चांगला चोळून धुते, सगळं पाण्यात उतरावं म्हणून. पोरीला गुण येईल.

वेळेवर जेव. आईवर माया ठेव, एवढंच मागणं.

आई

(आईंनी सांगितलं तसंच लिहिलं. टंबलरचं सांगायला मी आत्ताच सुंदरला गाठतो. — गुरुमूर्ती)


बंगळूर, ५ मार्च २०२६

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र हाती पडल्या पडल्या दादाला फोन केला. मास्तर आधीच पोचले होते. तीर्थ बंद झालं, रक्तही तपासायला दिलं होतं. काल आकडा आला. मुलांच्या रक्तात शिसं असूच नये. अंबुजाच्या रक्तात इतकं आहे, की तिला चेन्नईला भरती करायला सांगितलंय. सोमवारची खाट मिळाली आहे. आणि तू दार अडवून बसलीस, असं दादा सांगतो. आजीनेच नातीला विष पाजलं, हे गल्लीभर करायचंय का, असं म्हणालीस.

तू नाही पाजलंस, आई. तू माझं पत्र पाळलंस. कपचा वरचा आहे हे मला ठाऊक होतं. दुसऱ्यांदा मोजायच्या आधीच मी लिहून मोकळी झाले, तुला आनंद व्हावा म्हणून. डॉक्टरांनाही मी हेच सांगणार. रक्तातलं शिसं औषधाने निघेल. मेंदूला झालेली इजा भरून येईल, असं कुणी म्हणत नाही. मला तुला धीर द्यायचा आहे, पण ठाऊक नाही ते पुन्हा लिहिणार नाही.

दगडाला मी हात लावणार नाही. तो तुझा आहे. पोरीला मात्र घेऊन जाणार. माझ्यासाठी दारातून ऊठ. नाही उठलीस, तर तुझ्या पायांवर डोकं ठेवीन आणि तुला ओलांडून जाईन. त्यानंतरही मला लेक म्हणशील का, हे विचारायचं धैर्य नाही.

येते आहे. रविवार, ८ मार्च, सकाळी सातला.

अखिला