बेचाळीस घरांचा डवला

१४ ऑक्टोबर १९५७, वडसा
जूनच्या वीस तारखेनंतर आज. रोजनिशीची क्षमा मागतो. आळस नव्हे, अभ्यास. शिवाय ऑगस्टमध्ये शाई संपली होती. ती सप्टेंबरअखेर आणली, हेही नोंदवून ठेवतो.

पदवीचं तिसरं वर्ष. वय त्रेचाळीस. एक बी. ए. आधीच आहे, पण ती तत्त्वज्ञानाची. तिने कोणाची हगवण थांबत नाही. म्हणून आता सामाजिक आरोग्य. नागपूरला वर्गातली मुलं मला काका म्हणतात आणि माझ्या वह्या उतरवायला नेतात. हे शेवटचं सत्र फील्डवर्कचं, म्हणून घरी आहे.

गाव कोसमटोला, घरं बेचाळीस. विषय: पिण्याच्या पाण्यात हात बुडू नये. माठावर झाकण, शेजारी लांब दांड्याचा लाकडी डवला, पाणी त्यानेच काढायचं. जूनमध्ये चित्रं दाखवून दोन तास बोललो. आता कोणाकोणाकडे डवला आला ते मोजायचं. निम्म्या घरांत निघाला तर फर्स्ट क्लास आणि चांद्याला आरोग्य-शिक्षकाची जागा. नाहीतर रजा संपून जुलैत पुन्हा शाळेत. तिथला आताचा हेडमास्तर माझाच विद्यार्थी. मी त्याला भूमितीत दोनदा नापास केलं होतं.

स्वतःला विचारलं, हे लोकांसाठी की जागेसाठी? नव्वद टक्के लोकांसाठी. चहानंतर पुन्हा विचारलं. सत्तर.

सौ. म्हणाली, आपल्या माठालाही एक डवला आणा. म्हटलं, आधी प्रबंध.

१७ ऑक्टोबर
सर्व्हे सुरू. पहिलं घर सुईण गुणाबाईचं. डवला आहे! सागाचा, जावयाने करून दिलेला. दांड्याला बोटभर जळका डाग, चुलीजवळ पडला असावा. श्रावणात शेजारचं लेकरू हगवणीने गेलं. तेव्हापासून तिने नातवालाही माठात हात घालू दिलेला नाही. मला फार बरं वाटलं.

पुढची तीन घरं: नाही, नाही, नाही. मी चेहरा पाडला नाही. (सौ.च्या मते माझा चेहरा आपोआप पडतो.)

गावचा कोतवाल लटारू बरोबर होता. त्याने विचारलं, "गुरुजी, हे नसन तं तुमी नापास का जी?" खोटं बोलणं माझ्या तत्त्वात नाही. हो म्हणालो. तो मागे वळून गुणाबाईच्या घराकडे बघत राहिला.

बायामाणसांना अचानक जाऊन ओशाळं करणं बरं नव्हे. ठराव: यापुढे दिवसाला चारच घरं, क्रमाने, आणि आदल्या दिवशी लटारूमार्फत वर्दी.

२६ ऑक्टोबर
कोसमटोल्याला मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं, नाटक. लटारू राणी झाला होता. मिशा काढल्या नव्हत्या, पण पदर चांगला सांभाळला. तीन राजे, तिघांचे मुकुट हुबेहूब सारखे, एका मोराचं पीस तुटलेलं तेही सारखं. एवढ्याशा गावाने तीन मुकुट केले! चिकाटी आहे.

३० ऑक्टोबर
चार घरं, चार डवले!! माझा विश्वास बसेना. त्या दिवशीच्या तीन 'नाही' घरांनाही वर्दी देऊन पुन्हा गेलो. तिथेही आहे. लोकांना वेळ दिला की लोक बदलतात, हे वाक्य प्रबंधाच्या सुरुवातीला घालावं.

लटारू आज खूप थकलेला. मी पुढच्या दाराने निघालो की तो मागच्या वाडीतून धावत दुसऱ्या घरी जाऊन वर्दी देतो. घोंगडीत काठी धरून धावतो. पंचावन्नाव्या वर्षी ही कर्तव्यनिष्ठा!

७ नोव्हेंबर
एकोणतीस घरं, एकोणतीस डवले. एक गोष्ट सतावते. प्रत्येक डवल्याच्या दांड्यावर बोटभर जळका डाग आहे, त्याच जागी. आधी वाटलं योगायोग. पण मी योगायोगावर थांबणारा नव्हे. अनुमान: लोक डवला वापरण्याआधी विस्तवावर धरतात. म्हणजे निर्जंतुकीकरण! हे मी शिकवलंच नव्हतं. स्वतःला तीनदा विचारलं, की मी ओढूनताणून तर म्हणत नाही? तिन्ही वेळा उत्तर 'नाही' आलं.

खात्रीसाठी लटारूला विचारलं, डवले विस्तवावर धरता का? तो म्हणाला, "तुमी म्हनता तं धरतच असन जी." सूचक प्रश्न झाला का? थोडासा. तळटीप देईन.

९ नोव्हेंबर
आजच्या घरांपैकी मनसारामच्या घरी चष्मा विसरलो. पाच मिनिटांत परत गेलो तर डवला जागेवर नाही. त्याची बायको म्हणाली, "बोडीवर धुवाले नेला." बोडीवर, म्हणजे तळ्यावर! पाणी न काढताच धुणं! स्वच्छता किती खोल रुजली आहे!

१२ जानेवारी १९५८
प्रबंध पूर्ण. बेचाळीसपैकी बेचाळीस. परसेंटेज काढायला पेन्सिल लागली नाही. प्रकरण पाचवं: 'जळक्या खुणेचा डवला, लोकांनी स्वतः काढलेला उपाय'.

परीक्षेत दाखवायला एक अस्सल नमुना हवा. शेवटच्या घरातला मागितला. लटारू म्हणाला, "हाच काऊन जी? गुणाबाईच्या जावयाले सांगतो, नवा करून देईन." म्हटलं, नवा नको, वापरातलाच हवा. रीतसर पावती लिहून दिली: लाकडी डवला, नग एक. मी निघालो तेव्हा अख्खं गाव वेशीपर्यंत आलं. कोणी हसत नव्हतं. गुणाबाई तर डवल्याकडेच बघत होती. एवढी माया मला शाळेत वीस वर्षांत मिळाली नाही.

४ फेब्रुवारी
नागपूरहून छोट्या गाडीने परत. प्राध्यापक टेंभेकरांनी पाचवं प्रकरण दोनदा वाचलं. म्हणाले, असं मी पाहिलेलं नाही. (स्तुती.) दहा मार्चला स्वतः गाव बघायला येणार. सुटकेसमधून डवला काढला तर सौ.ने लगेच माठावर टांगला. आजपासून आमच्याही घरात हात बुडत नाही. म्हणजे त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस.

कोसमटोल्याला दहा तारखेची वर्दी पाठवली.

३ मार्च
लिहू की नको.

टेंभेकर आजच आले. दहा सांगून तीनला! सरळ स्टेशनवरून माझ्या दारात, म्हणाले चला. मी म्हटलं, लोकांना वर्दी? ते म्हणाले, वर्दी कशाला, तुमच्याकडे बेचाळीस डवले आहेत ना.

गावाच्या दुसऱ्या टोकाने सुरुवात. पहिलं घर: बाईने मनगटापर्यंत हात माठात घालून आम्हाला पाणी दिलं. दुसरं, तिसरं, तसंच. सातव्या घरी टेंभेकरांनी वही मिटली आणि पायरीवर बसले. मी म्हणालो, सर, आज धुवायला नेले असतील. त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते जास्त लागलं.

मग लटारू आला. हात जोडून म्हणाला, "सायेब, गुरुजीले नापास करू नका. डवला एकच होता जी, गुणाबाईचा. मी वाडीतून घेऊन पळत होतो. नाटकातबी एकच मुकुट तीन राजांले पुरते, तं वाटलं हेबी निभन." मी विचारलं, लटारूभाऊ, मला का नाही सांगितलं? तर म्हणतो, "तुमी डाग पायला तवा मी गारच झालो. पन तुमी खुश दिसले." लोक हसले. टेंभेकरही हसले. मी तेवढा नाही.

म्हणे गावकरी दहा तारखेपर्यंत दोन नवे डवले करवून घेणार होते. गुणाबाईचा जावई जंगलकटाईवर, होळीला येणार. होळी परवा.

४ मार्च
काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहितो.

दगा. दुसरा शब्द नाही. बेचाळीस घरांनी मिळून माझ्या तोंडावर खोटं दाखवलं. लटारूने दगा दिला. टेंभेकरांनी तारखेत दगा दिला. प्रबंध परत आला आहे. जुलैत शाळा, आणि तो हेडमास्तर. दोष कोणाचा? त्यांचा नव्वद टक्के, माझा दहा.

सौ.ला सगळं सांगितलं. सहानुभूतीची अपेक्षा होती. ती म्हणाली, "पीस तुटलेले तीन मुकुट सारखे, हे तुम्ही बघितलंत ना?" हाही एक दगा.

५ मार्च, होळी
सकाळी एकटाच कोसमटोल्याला गेलो. रागवायला. भाषण पाठ केलं होतं.

लटारू घरी नव्हता. (मला बघून गेला असावा.) गुणाबाई ओट्यावर, मांडीवर नातू. पोराचे डोळे आत गेलेले. आठ दिवसांपासून हगवण. मीठ घातलेली तांदळाची पेज पाजत होती. आता उतार आहे म्हणाली. मी म्हटलं, गुणाबाई, पाण्यात हात घालत होता का? तिने पोराचं तोंड पदराने पुसलं. मग म्हणाली, "भाऊ, डवला तं तुमीच नेला. आमी लपवला नोयता. मले वाटलं, पास झाले का आणून देतीन."

म्हणालो, पावती दिली होती ना. तिने ती आढ्यातून काढून दाखवली. घडी घालून, धागा बांधून ठेवलेली.

भाषण झालं नाही. पोराच्या कपाळावर हात ठेवला आणि आलो.

टेंभेकरांनी जाताना प्रबंधाच्या पानावर एक ओळ लिहिली होती. रागाच्या भरात मी ती वाचलीच नव्हती. आत्ता वाचली: 'एका घरात खरा होता. तो आकडा लपवण्यासारखा नाही. तेवढाच धरून पुन्हा लिहा, वर्षभराने आणा.' सौ.ला दाखवलं. ती म्हणाली, पण आता त्या घरातही नाही.

दोषाची टक्केवारी पुन्हा काढायला बसलो. काढली नाही. सौ.ने माठावरचा डवला उतरवून, धुऊन, माझ्या पिशवीत घातला आहे, आणि स्वतः पाणी प्यायला हात बुडवला.

उद्या: डवला गुणाबाईला नेऊन देणे.