एकशे बारावरची लेक

॥ श्री ॥

डोंबिवली पूर्व,
२ फेब्रुवारी २०२५

चि. संचितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवसभर कानाला हेडफोन, म्हणून घरी आल्यावर फोन नकोसा होतो असं तू म्हणालीस. म्हणून हे पत्र.

तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते ती ऐश्वर्या परवा भाजणी न्यायला आली होती. तिने सांगितलं, की एकशे बारावर, तुमच्या त्या तातडीच्या मदतीच्या नंबरावर, कोणा जिन्यात पडलेल्या आजीबाईंचा फोन आला आणि ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत तू त्यांच्याशी बोलत राहिलीस. आजी, घाबरू नका, मी आहे ना, म्हणालीस. ऐकून मला अभिमान वाटला असं लिहायला हवं, पण खरं सांगते, हेवा वाटला. परक्या बाईला एवढी माया आणि मला मेली दोन वाक्यं. आता मीच एकदा एकशे बारा फिरवते, म्हणजे तरी माझी लेक माझ्याशी बोलेल.

डिंकाचे लाडू पाठवलेत. त्या आजींना देऊ नकोस.

तुझ्या चार ओळींची वाट पाहणारी,
आई

कोलशेत, ठाणे,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग. नुसतं बोलायला एकशे बारा फिरवायचा नसतो. तू लाईन अडवून बसशील तेव्हा कुणाचं तरी घर पेटलेलं असेल. पण आग, अपघात, मारहाण, जिवावरचं दुखणं असलं, तर मात्र विचार करत बसायचं नाही, लगेच लावायचा. आणि तो माझ्याकडेच येईल असं नाही, जी लाईन मोकळी तिच्याकडे जातो. माझ्या मोबाईलवर तर मुळीच करू नकोस. ड्युटीवर तो लॉकरमध्ये असतो. आधी पत्ता आणि जवळची खूण सांगायची, मग काय होतंय ते, आणि समोरची सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

लाडू संपले. ऐश्वर्यानेच जास्त खाल्ले.

राग आणि लोभ दोन्ही असू दे,
संचिता

कोलशेत, ठाणे,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका मोठा होता, वेळेत आणलं म्हणून निभावलं. आता तू घरी आलीस, म्हणून हे लिहायचा धीर होतो. समोर बसून बोलता आलं नाही.

लॉकर उघडला तेव्हा मोबाईलवर तुझेच मिस्ड कॉल होते. छातीत कळा येत असताना तू मला फिरवत बसलीस. घरची मुलगी असताना परक्यांना कशाला त्रास, असं तू नर्सला म्हणालीस म्हणे. शेवटी एकशे बारा लावलास, तो ऐश्वर्याकडे गेला. तिने पत्ता परत म्हणून दाखवला, डोंबिवली पूर्व, पिठाच्या गिरणीवरचा मजला, आणि मला कळलं, ती तूच. माझ्या लाईनवर कळव्याचा एक माणूस होता, त्याच्या घरात सिलिंडर पेटला होता. मला त्याला सोडता येईना. शेजारी ऐश्वर्या सांगत होती, काकू, दाराची कडी काढा आणि तिथेच खाली बसा, मी आहे ना. तू तिचं सगळं ऐकलंस. माझं कधी ऐकलंस? पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

वॉर्डात तू तिचा हात धरलास, तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. मी तिच्याशी अजून धड बोललेले नाही. तिने माझी आई वाचवली, आणि मला तिचा हेवा वाटतो.

माझ्या वाट्याचा लोभ राखून ठेव,
संचिता

डोंबिवली पूर्व,
२ मार्च २०२५

चि. संचितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ऐश्वर्याशी आजच बोल. त्या पोरीचा काय दोष?

बिछान्यावर पडल्या पडल्या मी एकच विचार करते. तू फोन उचलला असतास तर मी काय म्हणाले असते, ते मला पक्कं ठाऊक आहे. जेवलीस का, असं विचारलं असतं. आवाज असा का येतोय म्हणाली असतीस, तर ॲसिडिटी आहे, ओवा खाल्लाय म्हणून सांगितलं असतं, आणि फोन ठेवला असता.

ऐश्वर्याने काय होतंय विचारलं, तर मी म्हणाले, मी मरतेय गं, मला वाचव. हे तुला सांगायला माझी जीभ कधीच उचलली नसती.

दोघींना जवळ घेऊ पाहणारी,
तुझीच आई