पाहुण्यांसाठी भरलेली वलांडी

बोईसर,
मार्गशीर्षातला पहिला रविवार

आदरणीय कमलाकांत भावोजींना नागोरावाचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण गुडघ्यांनी हरकत घेतली, उभ्यानेच केलेला गोड मानून घ्यावा.) आपला रक्तदाब, मंजुळाताईची कंबर आणि कराडच्या घराची गळकी टाकी या तिघांच्या प्रकृती कशा आहेत ते कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे. कारखान्यांकडून वारा आला की मी खिडक्या लावतो, समुद्राकडून आला की उघडतो. एवढा व्यायाम मला पुरतो.

उन्नतीला माझ्याकडे पाठवताना आपण जी कामगिरी सोपवली होती, तिचा हा अहवाल. तिच्या डोक्यातून माहितीपटांचं खूळ काढायचं आणि आपल्या ओळखीच्या पतसंस्थेतल्या नोकरीसाठी तिचं मन वळवायचं, असं आपलं ठरलं होतं. हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आपण 'बरं' म्हणून ठेवून देता, आणि त्या 'बरं'चा अर्थ लावायला भाष्यकार लागतो. शिवाय कन्येने आपल्याला शब्द दिलेलाच होता की मुंबईच्या ज्या संस्थेसाठी ती हा माहितीपट करते आहे, तिला तो पसंत पडला नाही तर कॅमेरा कपाटात ठेवून नोकरी धरीन. म्हणजे मला फक्त तिचं काम बिघडण्याची वाट पाहायची होती. ते किती सुरेख बिघडत गेलं ते आता ऐका.

विषय असा, की जमिनीवर माणसं वाढली आणि समुद्रात मासळी घटली. तेव्हा इथे कारखान्यांजवळच्या सरावलीत माणसांनी खच्चून भरलेली खोली दाखवायची आणि किनाऱ्यावरच्या नवापूरला रिकामी वलांडी. (बोंबील जबड्यात जबडा अडकवून ज्या बांबूंवर वाळत घालतात, ती वलांडी. आपण शाकाहारी असल्याने खुलासा केला.) मी तिला म्हटलं, आमच्या न्यायशास्त्रात अभाव हाही एक पदार्थ मानलेला आहे, तेव्हा तो अवश्य दाखव, मात्र अभावावर कुणाचं पोट भरल्याचं शास्त्रात सांगितलेलं नाही. त्यावर ती म्हणाली, "मामा, तू इतकी वर्षं बोईसरला संस्कृत शिकवतोयस. तुला हे कुणी विचारलं होतं का?" मी चहा टाकायला आत गेलो.

सरावलीची खोली तिने आधी जाऊन पाहून ठेवली होती. कारखान्यात पाळीने जाणारे कामगार, एक गट कामावरून आला की दुसरा उठून अंथरूण रिकामं करतो. भिंतीवर खुंट्यांपेक्षा शर्ट जास्त. उन्नती हरखली. (या व्यवसायात माणसं असल्या गोष्टींनी हरखतात. संगत लागली तर आपणही हरखाल.) मग तिने ती चूक केली, जी शहरात वाढलेल्या सुसंस्कृत मुलीच करतात: मंगळवारी कॅमेरा घेऊन येईन, चालेल ना, असं तिने अदबीने विचारलं. मंगळवारी पाहतो तर खोलीला नवा पडदा, खाटेवर मोराच्या चित्राची चादर आणि तिच्यावर भांग पाडून एकटाच बसलेला, त्या कामगारांपैकी कुंदन. घरमालक दादू दारात सरबत घेऊन उभा. बाकीची मंडळी कुठे गेली म्हणून विचारलं तर कुंदन म्हणाला, "मॅडम, सबको छत पे बिठा दिया है. मेहमान के सामने इतनी भीड़ अच्छी नहीं लगती." मी गच्चीकडे पाहिलं. रात्रपाळी करून आलेली ती माणसं उन्हात ओळीने बसून आमच्याकडे पाहत हात हलवत होती. कॅमेरा सांभाळणारा अंकुश म्हणाला, एवढ्या मोकळ्या खोलीत मी लग्नानंतरही राहिलेलो नाही. लोकसंख्येचा प्रश्न असा सुटला, आणि उन्नती सरबत पिऊन परतली.

नवापूरला उलटा प्रकार. मासळी वाळवणाऱ्या हंसाबाईंच्या अंगणातली वलांडी उन्नतीने पंधरवड्यापूर्वी पाहिली होती, ती उघडीबोडकी, तिच्यावर फक्त कावळे. (निरोप इथेही आधी धाडलेला होता. शिकलेली माणसं एका अनुभवाने शहाणी होत नाहीत.) आम्ही पोचलो तेव्हा वलांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबलांनी लगडलेली, हंसाबाई नव्या लुगड्यात, आणि शेजारणी तोरण बांधून झाल्यासारख्या समाधानाने बसलेल्या. समुद्र इतका समृद्ध मी तरी पाहिला नव्हता. उन्नती ओट्यावर मटकन बसली. मला वाटलं, झालं, पतसंस्थेला कळवायला हरकत नाही. आपल्या वतीने मला आनंदही व्हायला हवा होता. तो का झाला नाही, याचा विचार मी पुढे ढकलला.

मग तिने हंसाबाईंना विचारलं, हे असं का केलंत? हंसाबाईंनी तिच्याकडे, भात शिजवायला पाणी लागतं का असं विचारणाऱ्या मुलीकडे पाहावं तसं पाहिलं.

"बाये, पावन्यांना कोनी रिकामी वलांडी दाखवतं काय?"

"पण रोज अशी भरलेली असते का?"

"रोज भरलेली असती तर शेजारून मागून कशाला आनली असती?"

भावोजी, त्यानंतर उन्नती जे वागली ते पाहून मी सावध झालो. ती रडली नाही, चिडली नाही, कुणाला काही समजावत बसली नाही. कॅमेरा बंद करून जेवली, आणि उन्हं कलल्यावर शेजारणी आपापले बोंबील उतरवून घ्यायला आल्या तेव्हा अंकुशला म्हणाली, आता लाव. गोदूबाईंचं म्हणणं, जाडे ते माझे. दुसरीचं म्हणणं, तुझे कधी जाडे होते? हंसाबाई मध्ये पडून ज्याचे त्याला वाटत होत्या. हसत, एकमेकींना टोचत त्यांनी ती वलांडी उतरवली, आणि अंगणात नुसते बांबू उरले. हंसाबाईंनी ते फडक्याने पुसले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सरावलीला गेली. दादूला म्हणाली, परवासारखीच तयारी करा, फक्त मी सरबत पिऊन निघाले की सगळ्यांना खाली बोलवा. मंडळी गच्चीवरून एकामागून एक उतरली, मोराची चादर घडी घालून ठेवली गेली, आणि एकाच्या कुशीला दुसरा असं करत ती खोली भरत गेली. कॅमेरा दाराबाहेर होता. शेवटी दारही लागलं.

माहितीपटाचं नाव तिने 'पाहुणे गेल्यावर' ठेवलं आहे. समुद्र, लोकसंख्या वगैरे शब्द त्यात कुणीच उच्चारत नाही. संस्थेचं काय उत्तर येईल सांगता येत नाही. सोपवलेल्या कामगिरीबाबत सारांश असा, की प्रयत्न चालू आहेत.

आपला आज्ञाधारक (आजवर तरी) मेव्हणा,
नागोराव

ता. क. संस्थेचं उत्तर आत्ताच आलं. त्यांना काम आवडलं आहे, पण एक अट आहे: लोकसंख्येच्या माहितीपटात गरिबांचीच घरं का, एक खाऊनपिऊन सुखी मोठं कुटुंबही हवं. आपल्या दिवाणखान्यात आपल्या आठ भावंडांचा एकत्र फोटो आहे, हे उन्नतीला आठवलं. (मला आठवलं नव्हतं असं मी म्हणत नाही.) पुढच्या रविवारी आम्ही येतो. आपण नाही म्हणालात तर माहितीपट तिथेच थांबेल, आणि नोकरी आपली म्हणजे तिची. कृपा करून इस्त्रीचा सदरा घालू नये आणि घर आवरू नये. एवढ्याच विनंतीसाठी हा ता. क. जोडला.

ता. क. दुसरा. वरच्या उपदेशाचा मला अधिकार नाही. अंकुशने 'स्थानिक जाणकार' म्हणून माझी मुलाखत घेतली, त्या सकाळी मी मिशीला कलप लावला होता.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायचं दोन दिवस राहून गेलं, आणि आज मंजुळाताईचा फोन आला. (उन्नतीने तिला सगळं आधीच सांगून टाकलेलं दिसतं.) आपण कालपासून दिवाणखान्याला रंग द्यायला काढला आहे, आणि भावंडांच्या फोटोला नवी चौकट करायला टाकली आहे, असं कळलं. उन्नतीला सांगितलं. ती म्हणाली, "मामा, म्हणजे बाबा हो म्हणाले." मग तिने अंकुशला फोन करून सांगितलं की रविवारची वाट पाहू नकोस, उद्याच कराडला नीघ, रंगारी अजून शिडीवर असतील.