गाडी वाटेत आहे

आबा,

त्या पुराच्या सकाळी मी गिऱ्हाइकांशी खोटे बोललो नाही, एवढेच मला इथे सिद्ध करायचे आहे. वकिली शिकायला तुम्हीच लावलेत, आणि घरपोच दुधाची ही कंपनी मी तुमच्याच म्हशींच्या जोरावर उभी केली. तेव्हा हा युक्तिवाद तपासण्याचा पहिला अधिकार तुमचा आहे.

शिरोळचा रस्ता पाण्याखाली गेला होता आणि आमची दुधाची गाडी पलीकडे अडकली होती. पेठ वडगावकडून आलेले दूध निम्म्या मागणीलाही पुरेसे नव्हते. हॉटेलांशी लेखी करार होते, घरांशी नव्हते. म्हणून ते दूध मी हॉटेलांना दिले. टंचाईत कोणाला तरी आधी द्यावेच लागते, आणि त्या निवडीचे समर्थन मी आजही करीन. फोनवर बसणाऱ्या मुलीने विचारले, "साहेब, आज दूध न्हाई म्हणून कळवू का सगळ्यांस्नी?" मी म्हणालो, "गाडी वाटेत आहे, असं सांग." गाडी वाटेतच होती. विधान अक्षरशः खरे होते.

दुपारी कळंब्याची एक बाई कार्यालयात आली. घरी स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेणारी, आमची जुनी गिऱ्हाईक. "बारशाची बासुंदी व्हती माझ्याकडं," ती म्हणाली. "पातेलं घासून दारात उभी हाय सकाळधरनं. फोन केला की तुमची पोरगी म्हणती, वाटेत हाय. त्या लोकांनी शेवटी बाजारातनं श्रीखंड आणलं. आता मला परत कोण बोलवतंय?" मी रस्त्याची अडचण सांगू लागलो. तिने हात वर केला. "पावणं, पूर काय तुम्ही आणला न्हाई. पर न्हाई म्हटला असता, तर मी सकाळीच म्हशींचा कट्टा गाठला असता की!"

कट्टा म्हणताच तुम्ही दिसता. संध्याकाळ आहे, गिऱ्हाइके पेले घेऊन रांगेत उभी आहेत, आणि धार काढण्याआधी तुम्ही म्हशीच्या कासेला हात लावून पाहता. मग बसत नाही. उठून सरळ रांगेच्या शेवटाकडे जाता. "पावणं, आज म्हशीनं हात आखडलाय. तुमच्यापतुर पोचायचं न्हाई. शेजारच्याकडं जावा, त्येची म्हस झ्याक देती." मी चिडून म्हणतो, "आबा, तो उद्यापासून तिकडंच जाईल." तुम्ही हसता. "जाऊ दे की. हितं उभा करून त्येची काय पूजा घालू व्हय?"

माझा युक्तिवाद इथे अडतो. दूध कोणाला द्यायचे हा माझा प्रश्न होता. वाट पाहायची की दुसरीकडे जायचे, हा तिचा. तिचा प्रश्न मी तिच्या हातात जाऊच दिला नाही, कारण गेलेले गिऱ्हाईक परतत नाही हे मला पक्के ठाऊक होते. विधान खरे असणे पुरेसे नव्हते. ते तिला दारात उभे ठेवण्यासाठी निवडलेले होते.

तुमच्याशिवाय हा कागद मी कोणाला दाखवणार नाही. घरात तर मोठ्याने वाचताही येणार नाही, कारण त्या सकाळी चहा करणारी माझी बायको शेजारच्याच खोलीत आहे, आणि तिला सगळे माहीत आहे.

गाडी येणार नाही, हे मी उजाडतानाच ओळखले होते. आपल्या घरच्या चहाच्या दुधासाठी मी माझ्या मोटारीच्या ड्रायव्हरला कट्ट्यावर पाठवले होते.

तुमचा थोरला