आरोपी क्रमांक एक, मीराबाई

१४ नोव्हेंबर

समन्स आलं! आईच्या नावानं — आणि माझ्याही. बेकायदा प्रवेश म्हणे. एक ब्याऐंशी वर्षांची म्हातारी आणि तिला परत आणायला गेलेली मी, तिची मुलगी.

नायगावची आमची बीडीडी चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करून भोवती पत्रे ठोकलेत. त्या दुपारी आई भाड्याच्या घरातून न सांगता निघाली, पत्र्याच्या फटीतून आत शिरली. मी पोचले तर आमच्या खोलीत पदरानं खिडकी पुसत होती! रागावणार होते, पण वर पाळण्याची कडी दिसली आणि बसलेच खाली. गॅलरीत बाबा पेपर मोठ्यानं वाचायचे, शेजारचे ऐकत दाढ्या करायचे. रविवारी दारादारातून मटणाचा वास. एप्रिलमध्ये निळ्या माळा... उठवेना.

मग वॉचमन आला. मागून पोलीस.

१७ नोव्हेंबर

राकेश आला होता. आमच्याच मजल्यावर वाढलेला, आता वकील.

"मावशी, छोटा गुन्हा आहे. यात मोठ्या केससारखा रीतसर आरोप ठेवत नाहीत. तुम्ही काय केलंत ते मॅजिस्ट्रेटसाहेब समजावून सांगतात आणि विचारतात, कबूल आहे का? हो म्हणायचं, दंड भरायचा, सुटायचं."

मला तर हेच हवंय. आई उठून चहा टाकायला गेली.

२ डिसेंबर

कोर्टात पुकारा झाला — "आरोपी क्रमांक एक, मीराबाई!" आई कठडा धरून उभी. साहेब मराठीतच बोलले, सावकाश — "बंद केलेल्या इमारतीत, खोली नंबर अकरामध्ये, परवानगीशिवाय शिरलात. आजी, गुन्हा कबूल आहे?"

"अकरा नंबर माझा, साहेब. लग्न होऊन तिथंच आले. ही तिथंच जन्मली. घरात गेले, ते कबूल. गुन्हा कसला?"

राकेशनं डोळेच मिटले! मग घाईघाईनं तारीख मागितली. साहेब हसले नाहीत. "विचार करून सांगा, आजी. दोघींचं पुढच्या वेळी लिहून घेऊ."

बसस्टॉपवर मी ओरडले — 'कबूल' एवढा एकच शब्द बोलली असतीस तर आज सुटलो असतो!

"मग तू बोल की."

९ जानेवारी

चाळ पाडली. राकेशचा फोन आला. आईला कसं सांगू, याच विचारात घरी आले — तर ती मोरीत पाय धूत बसलेली. पाणी पांढरं झालेलं. पाहून आली होती!

जेवताना बाबांबद्दल बोलत राहिली. चाळीचं नावही नाही.

२१ जानेवारी

"कबूल आहे, साहेब," आई म्हणाली. "आता तिथं माझं घर नाही."

साहेब माझ्याकडे वळले. राकेश मान डोलवत होता — हो म्हणा, हो म्हणा.

"नाही," मी म्हटलं. "मी माझ्या घरी गेले होते."