चष्मा माझ्या पिशवीत होता

प्रिय बाबा,

मॉरिशसच्या समुद्रात तुम्ही माझ्याशी चक्क खोटं बोललात, आणि ते मला कळायला आजचा दिवस उजाडावा लागला. तुम्हाला जाऊन वर्ष झालं. आता भांडायचं तरी कुणाशी? म्हणून लिहायला बसले.

झालं असं, की डोळे लाल झाले म्हणून वॉटफर्डच्या हाय स्ट्रीटवर चष्मेवालीकडे गेले होते. तिने पंधरा दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद सांगितल्या. काउंटरवर स्नॉर्केलिंगचे मास्क मांडले होते, नंबरच्या काचांचे. मी सहज विचारलं, तर म्हणाली, तुमच्यासारख्या मोठ्या नंबरवाल्यांना साध्या मास्कमधून स्वतःचा हातही धड दिसत नाही. बाबा, माझा नंबर तुमच्याकडूनच आलाय, आणि तुमचा तर माझ्याहून मोठा होता.

आणि तुमचा चष्मा मीच काढून घेतला होता! होडीच्या कडेला तुम्हाला बसवलं, "द्या इकडे, पाण्यात पडेल" म्हटलं आणि टाकला माझ्या पिशवीत. स्वतः मात्र लेन्स लावून बसलेली. लेन्स आल्यापासून चष्म्याशिवाय न दिसणं म्हणजे काय, हे मी साफ विसरले होते.

तुम्ही का नाही काही बोललात?

मला माहितेय का. आई गेल्यावर तुम्हाला आमच्याकडे इंग्लंडला आणलं, तर दोन महिने तुम्ही नुसते खिडकीत बसून. कौन्सिलची कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते, हे तुमच्या जावयापेक्षा, निखिलपेक्षा, तुम्हाला जास्त पाठ! मग मीच हट्टाने मॉरिशस काढलं. तुम्हाला हसवायचंच, असा विडा उचलला होता मी. माझा हिरमोड तुम्हाला करवेना.

काय ध्यान दिसत होतात! फुल बाह्यांचा शर्ट, ट्रॅकपँट, पायात ते रबरी पंख. पण डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस, पाण्याला थोडाच भिणार? आपण दोघं पालथे तरंगत राहिलो. पाठीवर ऊन, खाली पोवळी, कानात फक्त आपापला श्वास. घाई कसली म्हणून नव्हती. तुम्ही माझा हात घट्ट धरला होता. मग मला कासव दिसलं आणि मी हात सोडवून घेऊ लागले. तुम्ही दोनदा बोटं दाबलीत. मला वाटलं, स्वारी खूष आहे! हात सोडवून गेले मी कासवामागे. त्या पाच-दहा मिनिटांत तुम्ही एकट्याने काय केलंत हो?

होडीत चढल्यावर विचारलं, तर तुम्ही सुरूच झालात. पोपटमासा पाहिला, पट्ट्यापट्ट्यांचा पाहिला, आणि कासव तर केवढं मोठं! निखिल थक्क झाला. आता कळतंय. नाश्त्याच्या टेबलावर माशांच्या चित्रांचा तक्ता होता. चष्मा कपाळावर चढवून, तक्ता नाकाला लावून, चहा गार होईपर्यंत तुम्ही तो वाचत होतात. म्हणजे पाण्यात काही दिसणार नाही, हे तुम्हाला सकाळीच ठाऊक होतं. चक्क पाठांतर करून परीक्षेला बसलात!

निखिलने पाण्यात काढलेला तुमचा फोटो अजून आमच्या फ्रिजवर आहे. पिवळाधमक मासा तुमच्या कानापाशी, आणि तुम्ही भलतीकडेच बघताय. किती वर्षं हसलो आम्ही त्या फोटोला. आज नाही हसू आलं.

दुपारभर रडले. बाबांचा आनंदाचा दिवस म्हणून मी जो इतका जपून ठेवलाय, तो तुम्ही नुसता माझ्यासाठी सोसलात की काय?

मग त्या दिवशीची संध्याकाळ आठवली. वाळूत बसलो होतो. चष्मा परत तुमच्या नाकावर, हातात शहाळं. कुणी काही विचारलं नसताना तुम्ही म्हणालात, "मंजू, तुझी आई ती मोरपिशी साडी धुऊन दोरीवर टाकायची, आणि ती वाऱ्यावर हलायची, आठवतं? खाली तसंच होतं सगळं. कशालाच कड नव्हती. मी त्यातच पडून राहिलो. फार बरं वाटलं गं."

जन्मभर बँकेत सह्या तपासणारा माणूस एकदम कविता काय करायला लागला, म्हणून मी तुम्हाला चिडवलं होतं. तुम्ही तर फक्त दिसलं ते सांगत होतात! दिवसभरात तेवढं एक खरं बोललात, आणि नेमकं तेच मी हसण्यावारी नेलं.

आत्ता माझ्या डोळ्यांत लेन्स नाहीत. कागद नाकाशी धरून लिहितेय. मान वर केली की बागेतलं गवत, शेजारणीचं कुंपण, आभाळ, सगळं एकमेकांत विरघळतं. बराच वेळ तसंच बघत बसले होते.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा तिथेच जातोय. तो नंबरचा मास्क मी घेतला नाही. लेन्सही हॉटेलवर ठेवीन. साध्या मास्कने उतरेन आणि मोरपिशी साडी दिसेपर्यंत पडून राहीन, हा तुम्हाला शब्द. निखिलचा हात धरेन. त्याने तो सोडवला, तर मात्र नुसती बोटं दाबत बसणार नाही. डोकं वर काढून सांगेन, "सोडू नकोस, मला दिसत नाहीये."

तेवढं तुम्ही मला सांगायला हवं होतं, बाबा.

तुमची,
मंजू