वर कुणी राहत नाही

३ मार्च १९९६
पोचलो एकदाचा परदेशात! शहरातल्या आंग मो किओ भागात कंपनीने भाड्याचा फ्लॅट दिलाय, दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे आपल्याकडचा पहिला. खाली कुणी राहत नाही. इथल्या इमारतींचा तळ नुसता खांबांवर मोकळा सोडलेला असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथेच मलय लोकांची लग्नं लागतात आणि तिथेच चिनी लोक आपली प्रेतं ठेवून बसतात. एकाच मांडवात सगळी सोय! चंद्रपूरच्या खाणीत उमेदीची वर्षं काळं थुंकत घालवली. आता एसीत बसून परक्याची खाण खोदायची. बायको अनघा आणि लेक चैताली, तिची शाळा संपली की येतील. स्वतःची खोली मिळणार म्हणून चैताली फोनवर नाचत होती.

१४ मार्च
काम सोपं आहे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडची एक जुनी कोळशाची खाण कंपनीला वाढवायची आहे. पूर्वेला नवा बोगदा, आणि जुन्या भागातले खांब. खाली कोळसा काढताना छत पेलायला कोळशाचेच जाड खांब सोडतात. शेवटी मागे सरकत सरकत तेही काढून घ्यायचे आणि छत कोसळू द्यायचं; ते सुटायला लागलं की सगळे एकदम बाहेर पळतात. अट एकच, वर कुणी राहत नसावं.

वर खाणकामगारांची पत्र्याची वस्ती आहे. ती हलवत बसलो तर वर्ष जाईल, असं साहेबांनी, म्हणजे मिस्टर ताय यांनी, तोंड वाकडं करून सांगितलं. मी ती नकाशातूनच हलवली. 'वर कुणी राहत नाही' असं लिहिलं आणि जेवायला गेलो. पत्रे ते काय, उचलले की निघाले.

गुरुप्रसाद हा आमचा सर्व्हेअर तिथे जाऊन आलाय. तिथे शाळा आहे म्हणे. शाळा! एक फळा आणि चार बाकं असतील. हा गृहस्थ मंडळाच्या गणपतीला थर्मोकोलची कमान करण्यापलीकडे कशाच्याही कामाचा नाही.

९ जून
दोघी आल्या. चैतालीने लगेच स्वतःची खोली लावली. संध्याकाळी बेडोकला मराठी मंडळींकडे जेवण होतं. सगळे पुण्याचे संगणकवाले. अर्धा वेळ पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, कधी मिळणार यावर आणि उरलेला श्रीखंड इथे कसं जमत नाही यावर. माझा आराखडा मंजूर झाला हे सांगितलं, तर एकाने कोळसा अजून वापरतात का असं विचारलं. उथळ पाण्याला खळखळाट फार.

२१ जुलै
दुपारी जेवून पडलो होतो, तर जमिनीखालून ठोकल्याचा आवाज. वाटलं, खाली लग्नाचा मांडव घालतायत. वाकून पाहिलं, कुणी नव्हतं. एक म्हातारा दगडी बाकावर झोपला होता.

खाणीत पाळी सुरू करण्याआधी काठीने छत असंच ठोकून बघतात. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर सुटलेलं. आज खणखणीत वाजत होतं. खाणीतला माणूस खाणीबाहेर पडत नाही म्हणतात ते खरं. स्वतःचंच हसू आलं.

१५ सप्टेंबर
आता रोज दुपारी. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून चैतालीच्या खोलीत. ओळीने, एकही जागा न सोडता. अनघा म्हणते, पासिर रिसला दुसरा फ्लॅट बघू. मी तिला भित्री भागूबाई म्हटलं. चैताली तर मजेत आहे. खालून ठोकलं की ही वरून टाच आपटून उत्तर देते. 'पप्पा, ही आन्सर्स मी, लाह!' तीन महिन्यांत हे इंग्रजी शिकली.

गुरुप्रसाद पुन्हा टेबलापाशी आला. तिकडे खांब काढायला सुरुवात झाली आणि वस्ती अजून तिथेच आहे, असं म्हणाला. मी त्याला कमानीचं विचारलं.

६ ऑक्टोबर
चैतालीच्या पलंगाखाली बद्द वाजलं.

मी खाली गेलो. भर दुपारी अंधार. खांब कार पार्कपाशी संपायला हवेत — संपत नव्हते, ओळीमागे ओळ, काळे. कोपरे सोलून निघालेले. टोपीला दिवा लावलेला एक माणूस काठीने माझी जमीन ठोकत होता. मी ओरडलो, वर माझी मुलगी राहते. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. कागद उघडून दिव्याखाली धरला. माझा नकाशा. माझं अक्षर.

मी आजवर कुणाकुणाकडे असंच पाहिलं नाही, ते आज कळलं. भीती वाटते. फार वाटते.

७ ऑक्टोबर
सकाळीच साहेबांना फोन केला. वस्ती परत नकाशात घाला, काम थांबवा. ते हसले. शेवटची ओळ आज निघतेय, आणि वर कुणी राहत नाही हे तूच लिहिलंस ना?

अनघा बाजारात गेली आहे. चैतालीला शाळेत पाठवलं नाही, इथून निघायचं म्हणून. तिच्या खोलीचं दार उघडत नाही. चौकट दबली आहे — वरचं वजन उतरलं की अशीच दबते, खाणीत पाहिलंय. खांद्याने ढकललं, हातोडा घातला. खिडकीला गज आहेत. टाऊन कौन्सिलची माणसं निघालीत म्हणे. दाराशी बसून लिहितोय. लिहिणं थांबवलं तर ऐकू येईल —

ती आत टाच आपटतेय. तिला हा खेळच वाटतो.

खालून उत्तर नाही.

पुन्हा आपटली. नाही —

पावलं. खाली सगळे एकदम पळतायत, बाहेर, खाणीत असं फक्त तेव्हाच —

चैताली, दारापाशी ये, भिंत धरून राहा — अरे थांबा, वर आहे, वर माझी